पेस्ट बदलून बदलून थकलो, प्रोसेसरचे पहिले पाढे पंचावन्न

ओव्हरक्लॉक केलेला (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला) प्रोसेसर टेस्टमध्ये अर्धा अर्धा तास निवांत चालतो, आणि गेम लावून मागे रेकॉर्डिंग चालू केलं की वीस-पंचवीस मिनिटांत अडखळायला लागतो, फॅन बोंब मारायला लागतात, तापमान बघावं तर १०० ला टेकलेलं. मग कॅबिनेट उघडायचं, कूलर काढायचा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसायची, नवी लावायची, की एकदम मस्त. पाच-सहा आठवडे. मग परत तेच रडगाणं. माझ्याकडे हे चार वेळा झालं, आणि चौथ्या वेळी ट्यूब दाबली तर नुसती हवा आली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की पेस्ट काय दर दीड महिन्याला मरत नसते, आपणच काहीतरी भलतं धरून बसलोय.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सहा कोरचा अनलॉक्ड (वेग वाढवू देणारा) प्रोसेसर, सगळे कोर ४.९ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज ऑटोवर सोडलेलं (हे लक्षात ठेवा, याच्यावर नंतर येतो), एक बऱ्यापैकी टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा मनोरा आणि त्याला फॅन), आणि २५० वॅटच्या आसपास खाणारं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट दिसायला झकास, समोर पूर्ण काच, काचेच्या कडेला बोट जाईल न जाईल एवढी फट आणि आतमध्ये जाळीचा फिल्टर. सगळी हवा त्या फटीतून यायची, आणि मी तीन वर्षं त्या काचेकडे कौतुकाने बघत बसलो.

मग मी कागदावर लिहून काढलं की पेस्ट बदलताना मी नेमकं काय काय करतो. साइड पॅनल काढायचो. पॅनल काढलंच आहे तर फिल्टर झटकायचो, हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढायचो. पेस्ट लावून झाल्यावर पॅनल उघडंच ठेवून टेस्ट करायचो, आणि आकडा छान आला की दोन दिवसांनी कधीतरी पॅनल लावायचो. म्हणजे एका दमात चार गोष्टी बदलायच्या आणि श्रेय सगळं पेस्टला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

तर ज्यांचा प्रॉब्लेम परत परत येतोय त्यांनी पहिलं हे करा: एका वेळी एकच गोष्ट बदला. ऐकायला फालतू वाटतं, पण मी हेच केलं नव्हतं.

आता गरमी कुठे अडते ते कसं शोधायचं. चिपमधून गरमी वरच्या धातूच्या टोपीत जाते, तिथून पेस्टमधून कूलरच्या बेसमध्ये, मग हीटपाइपने पात्यांमध्ये, पात्यांमधून कॅबिनेटच्या हवेत, आणि ती हवा बाहेर पडली तर खोलीत. यातला कुठलाही एक टप्पा तुंबला तरी स्क्रीनवर आकडा तोच दिसतो, १००. आकड्याकडे बघून टप्पा कळत नाही. म्हणून कूलरला हात लावावा लागतो, आणि हे मी अगदी खरोखरच्या अर्थाने सांगतोय. लोड चालू असताना, फॅनच्या पात्यांपासून बोटं लांब ठेवून, कूलरच्या बेसजवळच्या हीटपाइपला आणि मग वरच्या पात्यांना हात लावून बघा. प्रोसेसर १०० दाखवतोय आणि पाइप नुसते कोमट आहेत, तर गरमी कूलरपर्यंत पोचतच नाहीये: पेस्ट नीट पसरली नाही, स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेत, किंवा बेसवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायची राहिली (हसू नका, भल्याभल्यांची राहते). पाइप चटका देण्याइतके गरम आहेत तर पेस्टचं काम चोख चाललंय, पुढे हवेत अडकलंय. माझे पाइप दोन सेकंद हात ठेवता येणार नाही इतके तापलेले होते. म्हणजे चार वेळा लावलेली पेस्ट चारही वेळा ठणठणीत होती.

इथे एक पुरवणी जोडतो, कारण नव्या प्रोसेसरला हा नियम तसाच्या तसा लागत नाही. चिप जितकी लहान तितकी गरमी एका ठिपक्यात एकवटते. एएमडीच्या रायझन ५८०० एक्सचा टीडीपी (कंपनीने छापलेला गरमीचा आकडा) १०५ वॅट लिहिलेला असला तरी सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घ्यायची त्याला मुभा आहे, आणि त्यातला बराचसा भाग नखाएवढ्या एका चिपलेटमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या तुकड्यातून) बाहेर यायचा असतो, त्यामुळे तिथे कूलर फार गरम न होताही कोर ८५ च्या पुढे दिसू शकतो आणि त्यात तुमची काही चूक नसते. २०२२ मध्ये आलेली रायझन ७००० मालिका तर पूर्ण लोडला ९५ पर्यंत जायचं असंच ठरवून बनवलेली आहे, जेवढी थंडाई द्याल तेवढा क्लॉक (म्हणजे वेग) वर नेणार आणि परत ९५ ला जाऊन बसणार. तिथे आकडा बघून घाबरायचं नाही, क्लॉक बघायचा. इंटेलमध्ये २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून आठव्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या डेस्कटॉप चिपमध्ये टोपीच्या आतसुद्धा सोल्डरऐवजी पेस्ट होती, म्हणून तेव्हा लोक टोपी उकलून लिक्विड मेटल भरायचे. नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेलपासून सोल्डर परत आलं. आणि बाराव्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटची पकड लांबट टोपीला मध्ये दाबते आणि ती किंचित वाकते, त्यावर वेगळी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. हे तुम्हाला लागू असेल तर बघा, नसेल तर पुढे चला.

दुसरी टेस्ट, माझ्या मते सगळ्यात कामाची. जो लोड दिल्यावर त्रास होतो तोच लोड द्यायचा, माझ्या बाबतीत गेम अधिक रेकॉर्डिंग, अर्धा तास पॅनल बंद ठेवून, आणि मग अर्धा तास पॅनल उघडं ठेवून. खोलीचं तापमान दोन्ही वेळा साधारण सारखं हवं, कारण खोली पाच डिग्रीने तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही. दोन-तीन डिग्रीचा फरक आला तर कॅबिनेट ठीक आहे, कूलर किंवा व्होल्टेजकडे बघा. माझ्याकडे बंद असताना १००, उघडं असताना ८५. पंधरा डिग्री! आणि नुसता सीपीयूचा स्ट्रेस टेस्ट लावला की पॅनल बंद असूनही ८६ च्या वर जायचा नाही, म्हणून तर मी इतके दिवस फसलो, कारण त्या टेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं आणि गेममध्ये तेच कार्ड प्रोसेसरच्या खाली बसून अडीचशे वॅटची शेगडी पेटवतं, आणि टॉवर कूलर बिचारा तीच हवा ओढून प्रोसेसर थंड करायला बघतो.

हवेचा हिशोब एकदा मांडून बघा, डोळे उघडतात. प्रोसेसर १५० आणि कार्ड २५० धरा, म्हणजे ४०० वॅट. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यात फक्त १० डिग्रीचा फरक राहावा असं वाटत असेल तर मिनिटाला साधारण २ घनमीटर हवा कॅबिनेटमधून जायला लागते, फॅनच्या खोक्यावरच्या भाषेत ७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). खोक्यावर एकेका फॅनला ५० लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटतं तीन फॅन आहेत म्हणजे झालंच की. पण तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. समोर काच, मग फट, मग फिल्टर, फिल्टरवर दीड महिन्याची धूळ, असं असलं की आत येणारी हवा कितीतरी कमी. तीच हवा तिसऱ्या हिश्श्यावर आली तर फरक १० चा ३० होतो. खोली २६ वर असेल तर कॅबिनेटमधली हवा ५५ च्या वर, आणि आत जितकी डिग्री वाढली तितकीच प्रोसेसरवर वाढते, मग वर कितीही भारी पेस्ट लावा.

कोडं तिथेच सुटलं. धूळ साचायला दीड महिना लागायचा. पेस्टच्या निमित्ताने फिल्टर साफ व्हायचा, प्रॉब्लेम जायचा, फिल्टर भरला की परत यायचा.

आता शहाण्या माणसाने इथे काच काढून जाळी लावली असती. मी काय केलं, तर २४० चा (म्हणजे २४० मिलिमीटर रेडिएटरचा) वॉटर कूलर आणला. कारण सगळे म्हणतात ना की ओव्हरक्लॉक म्हणजे वॉटर कूलर हवाच. रेडिएटर पुढे लावला, नळ्या खाली ठेवल्या. हे तरी बरोबर केलं, नळ्या खाली असल्या की लूपमधली हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जमून राहते आणि पंपात शिरत नाही; पंप सगळ्यात उंच जागी आला तर बुडबुडे तिथेच जमतात, गुरगुर ऐकू येते आणि पंप लवकर खराब होतो. पंपाची वायर नेहमीच्या फॅन हेडरला लावली असेल तर त्याचा वेग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पूर्ण फिक्स करा, नाहीतर बोर्ड त्याला फॅन समजून हळू फिरवतो. आणि वॉटर कूलरवर दहा मिनिटांची टेस्ट करून खूश होऊ नका, पाणी हळूहळू तापतं, खरा आकडा कळायला अर्धा तास तरी लागतोच.

तर तापमान आलं ८२. मी खूश. आणि तासाभराने गेम परत अडखळला! पण आता वेगळ्या पद्धतीने. आधी क्लॉक हळूहळू ४.९ वरून ४.३-४.४ वर घसरायचा, आता सगळं छान चालू असताना एकदम ८०० मेगाहर्ट्झवर आपटायचा, दोन-तीन सेकंद, परत ४.९, जसं कुणीतरी बटण दाबतंय. प्रोसेसर ८२ वर आणि क्लॉक ८००, माझं डोकंच चालेना. मग एचडब्ल्यूइन्फो ६४ या सगळे सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खालपर्यंत गेलो तर कोरच्या थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) 'नाही' आणि एक्स्टर्नल प्रोकहॉटपुढे 'होय'. म्हणजे प्रोसेसर स्वतः तापला म्हणून थांबत नव्हता, बाहेरून मदरबोर्ड त्याला सांगत होता की बाबा थांब. व्हीआरएमचा सेन्सर बघितला, ११२.

व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या डावीकडे आणि वर जे छोटे हीटसिंक असतात ना त्यांच्या खालचं सर्किट, सप्लायचे १२ व्होल्ट तिथे सव्वा-दीड व्होल्टच्या घरात उतरतात आणि शंभराच्या वर अँपिअर प्रोसेसरला जातात. ओव्हरक्लॉकमध्ये याच्यावरही बराच ताण येतो. टॉवर कूलर असताना त्याच्या फॅनची हवा जाता जाता या हीटसिंकवरून जायची, फुकटची सेवा. वॉटर कूलर लावला आणि ती हवा गेली. सॉकेटवर नुसता पंप, आजूबाजूला वारं नाही, शिवाय पुढच्या रेडिएटरमधून तापून आलेली हवा. खात्री करायला मी एक छोटा जुना फॅन वायरला धरून व्हीआरएमवर अर्धा तास हातात घेऊन बसलो (दुसऱ्या हाताने गेम, कसा खेळलो विचारू नका), ११२ चे ८८ झाले आणि एकदाही क्लॉक आपटला नाही. हात खाली घेतला, दहा मिनिटांत परत ८००.

थोडक्यात, क्लॉक कसा पडतोय त्यावरून रोग कळतो. हळूहळू शे-दोनशेने घसरतोय आणि कोर १०० ला टेकलाय, तर प्रोसेसर तापलाय. तापमान बरं आहे पण क्लॉक एका ठराविक वॅटवर अडकून बसतोय, तर पॉवर लिमिट आहे, गरमीचा संबंधच नाही. एकदम खोल आपटून परत वर येतोय, तर आधी व्हीआरएम बघा. आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये नुसता क्लॉक न बघता इफेक्टिव्ह क्लॉकही बघा, कारण काही वेळा वरचा आकडा ४.९ दाखवत राहतो आणि खरं काम त्यापेक्षा कमी चाललेलं असतं.

शेवटी वॉटर कूलर काढला. हो, काढला, आणि जुनाच टॉवर परत बसवला, नव्या ट्यूबमधल्या पेस्टवर, पाचव्यांदा. वॉटर कूलर वाईट असतात असं म्हणणं नाही, अडीचशे-तीनशे वॅट खाणारा प्रोसेसर असेल तर ३६० चा लावावा लागू शकतो, पण माझ्या दीडशे वॅटला तो नको होता, मला वारा हवा होता. काचेची चौकट काढली, काही दिवस पुढचा भाग उघडाच ठेवून चालवलं, नंतर जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घेतलं. पुढून दोन १४० चे आत, मागून एक १२० चा बाहेर, वर मागच्या जागेत एक बाहेर. वरची पुढची जागा मुद्दाम रिकामी ठेवून झाकली, कारण तिथे बाहेर फेकणारा फॅन लावला तर पुढून आलेली गार हवा टॉवरपर्यंत पोचायच्या आधीच तो वरच्या वर पळवतो. मी लावून बघितला होता, फॅन वाढला आणि तापमान तीन डिग्रीने वाढलं. जास्त फॅन म्हणजे जास्त थंड, हे खरं नाही हो.

फॅनची दिशा तपासून घ्या, लाज वाटू देऊ नका. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पटत नसेल तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी धरून बघा, मागच्या जाळीला धरल्यावर लांब उडाली पाहिजे आणि पुढे चिकटली पाहिजे. माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये ती पट्टी काचेच्या फटीला धरली तर हलतसुद्धा नव्हती. तीन फॅन पूर्ण वेगात, आणि पट्टी आपली लोंबकळतेय. ते बघून खरं तर तीन वर्षांपूर्वीच समजायला हवं होतं. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवली तर ती फिल्टरमधूनच येते, उलटं केलं तर मागच्या प्रत्येक भोकातून धूळ ओढली जाते, पण यात फार अंकगणित करत बसू नका.

फॅन कर्व्हचीही (किती तापमानाला फॅन किती फिरवायचा त्या सेटिंगची) एक गोम आहे. कॅबिनेटचे फॅन बहुतेक वेळा सीपीयूच्या तापमानाला बांधलेले असतात. गेममध्ये कार्ड पेटलेलं असतं आणि सीपीयू सुरुवातीला साठ-पासष्टवर असतो, म्हणून फॅन आळसात फिरतात, आत गरमी कोंडत जाते, आणि सीपीयूला झळ लागेपर्यंत उशीर झालेला असतो. फॅनकंट्रोल नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात सीपीयू आणि कार्ड यातलं जे जास्त सांगेल ते ऐक असं लावता येतं. आणि वेग वाढवायला-कमी करायला पाच-सहा सेकंदांचा उशीर द्या, नाहीतर ब्राउझर उघडला तरी फॅन घों करून उठतात आणि लगेच झोपतात, डोकं उठतं त्याने.

आता ते ऑटो व्होल्टेज. हे मी शेवटी केलं, खरं तर पहिलं करायला हवं होतं, यात एक पैशाचंही सामान लागत नाही. गरमी क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.७ वरून ४.९ म्हणजे क्लॉक चार टक्के, पण त्यासाठी १.२५ चे १.३५ व्होल्ट करावे लागले तर गरमी बावीस टक्क्यांनी चढते. आणि बोर्डाला ऑटोवर सोडलं की तो सावधगिरी म्हणून भरभरून व्होल्टेज देतो. माझा बोर्ड ४.९ साठी १.३९ देत होता. हाताने उतरवत उतरवत आणलं तर १.२९ वर सगळ्या टेस्ट पास, म्हणजे तेवढ्याच वेगाला गरमी चौदा टक्के कमी, आयती. मग ४.८ करून बघितलं तर १.२३ पुरले, मूळच्या जवळजवळ पाऊण हिश्श्यावर आली गरमी. उतरवताना पंधरा-वीस मिलिव्होल्टची एकेक पायरी घ्या आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA एरर (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) येतायत का बघत जा, क्रॅश व्हायच्या आधी बहुतेक वेळा तिथे कुरकुर सुरू होते. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज पडू न देणारं बायोसमधलं सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला लावू नका, लोड सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं. आणि प्राइम ९५ या स्ट्रेस टेस्टचा सगळ्यात कडक प्रकार (स्मॉल एफएफटी, एव्हीएक्स चालू) जो आकडा देतो तो रोजच्या कामात सहसा येत नाही, त्याला खूश करायला कूलर बदलू नका.

आत्ता ४.८ वर चालतोय, त्याच गेम-रेकॉर्डिंगच्या लोडला ७३-७४, व्हीआरएम ८० च्या आत, पॅनल उघडं-बंद केलं तरी फरक दोन डिग्रीचा. ४.९ सोडल्याचं दुःख दोन दिवस झालं, मग एकदा दोन्ही क्लॉकवर तोच गेम मोजून बघितला तर सरासरीत एका फ्रेमचाही फरक नव्हता. पुढच्या फिल्टरच्या चौकटीवर टेपची पट्टी चिकटवलीय आणि शेवटचा धुतला ती तारीख पेनने लिहितो. पेस्टला त्या दिवसापासून हात लावलेला नाही.